सलग एक तास वर्कआउट की दिवसभर थोडा थोडा व्यायाम, खरा फायदा कशात?

तुम्ही विचारलंय की नोकरीमुळे सलग तासभर निघत नाही, मग दिवसभरात पाच-पाच मिनिटं करून केलेला व्यायाम धरला जातो का, की ते नुसतं मनाचं समाधान. धरला जातो. पण त्या पाच मिनिटांत दम लागला पाहिजे. म्हणजे बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही इतपत तरी. रमतगमत पाणी प्यायला उठणं चांगलंच आहे, पण त्याला मी व्यायामात धरत नाही.

तुमच्या मनात ही शंका आली यात नवल नाही, कारण बरीच वर्षं अधिकृत सल्लाच तसा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या सूचनांमध्ये एरोबिक व्यायाम (भरभर चालणं, पळणं असा दम लागणारा) एका वेळी किमान १० मिनिटं सलग हवा असं लिहिलेलं होतं. २०२० च्या सूचनांमधून ती अट काढून टाकली. आता आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, तो कसाही विभागून करा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी. बस.

तसं हे सगळं अगदी नवीन पण नाही. १९५३ साली लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांचा. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबल डेकरचे जिने वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्यांचा व्यायाम म्हणजे ड्युटीभर थोडं थोडं चढणं-उतरणं. अलीकडचा मोठा अभ्यास २०२२ चा, ब्रिटनमधल्या २५ हजारांवर अशा लोकांचा जे व्यायाम करत नाही असंच सांगत होते. त्यांच्या मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र लावलं होतं. दिवसातून साधारण तीन वेळा, एक-दोन मिनिटंच का होईना, पण चांगला दम लागेल अशी हालचाल (भरभर जिना चढणं, जड सामान उचलून नेणं) ज्यांच्याकडून होत होती त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण अशी हालचाल अजिबात नसलेल्यांपेक्षा ३८ ते ४० टक्के कमी दिसलं. आता हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही, ज्यांची तब्येत मुळात चांगली तेच भरभर चढत असतील असंही असू शकतं, म्हणून आकडा जसाच्या तसा धरू नका. पण दिशा स्पष्ट आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा साखरेचा आहे आणि तो लोक फारसा बोलत नाहीत. जेवल्यावर रक्तातली साखर वर चढते, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ती साखर ओढून घेऊ शकतो. म्हणजे तुम्ही किती वेळ चाललात याबरोबरच कधी चाललात हेही महत्त्वाचं ठरतं. २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या, साखर थोडी वर असलेल्या लोकांवर एक छोटा प्रयोग झाला (दहाच माणसं होती), त्यात एकदा सलग ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं यांची तुलना केली. एकूण मिनिटं तेवढीच, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणानंतरच्या चालण्यानेच जास्त आटोक्यात राहिली. पहाटे तासभर घाम गाळून मग संध्याकाळपर्यंत खुर्चीला चिकटून बसणाऱ्याला हा फायदा मिळत नाही, आणि म्हणून मला वाटतं जिम करणाऱ्यांनी पण जेवणानंतर दहा मिनिटं चालावंच.

दमसासाचं म्हणाल तर तोही थोडा वाढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या २०१९ च्या प्रयोगात व्यायाम न करणारी तरुण मुलं-मुली ६० पायऱ्यांचा जिना जोरात चढायची, दिवसातून तीनदा, मध्ये काही तासांचं अंतर ठेवून, आठवड्यातून तीन दिवस. सहा आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढली. वाढ माफक होती, पण वेळ किती कमी लागला बघा.

सलग व्यायामाला पर्याय नाही अशा गोष्टी मात्र आहेत. तुम्हाला १० किलोमीटर पळायचंय, दिवसभराचा डोंगर चढायचाय, तर सलग वेळ द्यावाच लागेल, कारण तासाभरानंतर पाय, सांधे आणि शरीरातलं इंधन कसं टिकतं याची सवय पाच मिनिटांत होत नाही. जड वजनं उचलायची असतील तरी आधी अंग गरम करायला वेळ लागतो, ते दर वेळी नव्याने करण्यापेक्षा एकत्र केलेलं बरं. जोर-बैठकांचं तसं नाही, सकाळी एक सेट, दुपारी एक, संध्याकाळी एक असं केलं तरी चालतं, फक्त प्रत्येक सेटमधले शेवटचे दोन-तीन जोर किंवा बैठका जड गेल्या पाहिजेत.

आणि थोड्या थोड्या व्यायामाची खरी अडचण म्हणजे तो राहून जातो. तासाच्या वर्कआउटला एकदाच मनाची तयारी करावी लागते, इथे पाच वेळा. त्यामुळे घड्याळाचे अलार्म लावण्यापेक्षा रोज होणाऱ्याच गोष्टीला तो जोडा. जेवण झालं की चालणं, फोन आला की उभं राहणं, लिफ्टऐवजी जिना आणि तोही भरभर, आंघोळीआधी बैठका. मी असंच करतो आणि सुट्टीच्या दिवशी एकदा लांब चालून येतो. तुमचं रूटीन बघता मी हेच मिश्रण सुचवेन.

फक्त बरेच दिवस काहीच केलं नसेल तर पहिल्या दिवसापासून जिना पळत चढू नका, पहिले दोन-तीन आठवडे नुसतं झपाझप चाला. बीपी, हृदयाचा त्रास किंवा साखरेची गोळी-इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधांवर असताना व्यायामाने साखर फार खाली जाऊ शकते. आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथल्या तिथे थांबा आणि लगेच दाखवून घ्या.