जपानी सासरी नवीन आहेस? आधी न्हाणीघर बघ

अगं, जेवणाचं जमेल हळूहळू. आधी आंघोळीची रीत समजून घे. टबाबाहेरच्या बुटक्या स्टुलावर बसून साबण लावायचा, फेस पूर्ण धुवायचा, मगच गरम पाण्यात उतरायचं. तेच पाणी घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात, म्हणून निघताना बूच काढायचं नाही, वर झाकण ठेवायचं. उरलेलं पाणी बऱ्याच घरी कपड्यांच्या मशीनला जातं. (काटकसरीत सासूबाई आपल्या आजीच्याही वरचढ!)

संडासातल्या चपला तिथेच सोड. तातामीवर, म्हणजे खोलीभर अंथरलेल्या गवती चटयांवर, तर कुठलीच चप्पल नको. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नकोस, तसं मृतांच्या नैवेद्याला करतात. कचऱ्याचे वार मात्र सासूबाईंनाच विचार. प्रत्येक गावाचे नियम वेगळे असतात, आणि विचारलं की त्याही जरा मोकळ्या होतात.