वाचकांचे प्रश्न : बॅकअपसाठी जोडणी कोणती?

प्रश्न : लग्नांच्या चित्रीकरणाच्या ४०० जीबी फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. कोणती जोडणी घ्यावी?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपली डिस्क यूएसबी २.० वर चालत असावी. तिची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट (म्हणजे ६० मेगाबाइट) असली, तरी प्रत्यक्षात ३५-४० मेगाबाइटच सरकतात. केबलचे संगणकाकडचे टोक पाहा : यूएसबी ३.० असल्यास आतली पट्टी बहुधा निळी असते. डिस्क, केबल आणि पोर्ट तिन्ही ३.० ची असल्यास हेच काम साधारण तासाभरात होते. त्यापुढे मात्र अडथळा जोडणीचा नसून फिरत्या तबकडीचा असतो, म्हणून १० गिगाबिटच्या पोर्टावर खर्च करण्यापूर्वी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घ्यावी, असे आग्रहाने सुचवतो. प्रत उघडून तपासल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड कृपया पुसू नका.