ऑप्शनमध्ये निर्णय नेमका कोणाचा?

तुमचे तीन प्रश्न आहेत. मुलगी अमेरिकेत शिकायला गेल्यापासून तुम्ही तिच्यासोबत शनिवारचे कॉलेजचे अमेरिकन फुटबॉलचे सामने बघता, आणि समालोचक सारखं 'ऑप्शन', 'रीड', 'कीप' म्हणतात ते नक्की काय, हा पहिला. चेंडू कोणाला द्यायचा हे प्रशिक्षक ठरवतो की मैदानावर आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक, हा दुसरा. आणि तुमच्या एका मित्राने सांगितलं की ऑप्शन म्हणजे दुबळ्या संघांचा जुना डाव, ते खरं का, हा तिसरा. मी २००८ साली मास्टर्ससाठी अटलांटाला जॉर्जिया टेकमध्ये आलो. त्याच वर्षी पॉल जॉन्सन तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि २०१८ पर्यंत राहिले. ही सगळी वर्षं टेकच्या बॉबी डॉड स्टेडियममध्ये मी ट्रिपल ऑप्शनच, म्हणजे चेंडू तिघांपैकी कोणाकडे जाणार हे पळता पळता ठरणारा डाव, बघत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब बघा, कारण ऑप्शनचं मूळ त्यातच आहे. दोन्ही बाजूंना ११ गडी. धावेच्या साध्या डावात चेंडू घेऊन पळणारा कुणाला ब्लॉक करत नाही, आणि त्याच्या हातात चेंडू देऊन मोकळा झालेला क्वार्टरबॅकही डावातून बाहेर गेल्यासारखाच असतो. म्हणजे ११ जणांना अडवायला उरले ९. बचाव करणाऱ्यांचा कोणी ना कोणी मोकळा राहणारच, आणि बहुतेक वेळा तोच पळणाऱ्याला पाडतो. ऑप्शनवाला म्हणतो, एक माणूस मोकळा राहणारच आहे तर तो कोणता हे मी ठरवतो. मग तो बचावफळीतल्या एका गड्याला मुद्दाम कुणी न अडवता सोडून देतो, आणि क्वार्टरबॅकला सांगतो की याच्याकडे बघ, हा जिकडे जाईल तिथे चेंडू जाऊ द्यायचा नाही. हे बघून ठरवणं म्हणजे 'रीड'. त्या गड्याला अडवण्यात जो लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला गडी, खर्ची पडला असता तो आता मोकळा होऊन बचावाच्या मागच्या फळीतल्या लाइनबॅकरवर जातो. हात न लावता एक माणूस बाद झाला.

कबड्डीत चढाईवाला कोपरारक्षकाच्या अंगाचा कल बघतो आणि तो झेपावला की त्याची मोकळी झालेली बाजू पकडतो, ती नजर इथे लागते. फक्त इथे ती एका पाठोपाठ दोनदा लागते.

जॉन्सन यांच्या फ्लेक्सबोन रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या, म्हणजे लाइनच्या मधल्या गड्याच्या, अगदी मागे हात लावून उभा. त्याच्या पाठीशी सरळ रेषेत फुलबॅक, ज्याला ते बी-बॅक म्हणत. लाइनच्या दोन्ही टोकांना जरा मागे एकेक ए-बॅक, आणि पास झेलणारे दोन रिसीव्हर पार बाहेर. स्नॅपच्या, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्याच्या, आधी एक ए-बॅक फुलबॅकच्या मागून पळायला लागतो. स्नॅप झाला की क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या पोटाशी नेतो आणि दोघे क्षणभर एकत्र सरकतात. याला मेश म्हणतात. त्या क्षणी क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नसते, फुलबॅकवरही नसते. ती असते सोडून दिलेल्या पहिल्या गड्यावर, बहुधा बचावफळीच्या टोकाच्या डिफेन्सिव्ह एंडवर. तो आत वळून फुलबॅकवर आला, की चेंडू काढून घ्यायचा, हा 'कीप'. तो बाहेर थांबला किंवा क्वार्टरबॅककडे आला, की चेंडू फुलबॅकच्या पोटात सोडायचा, हा 'गिव्ह'. काढून घेतला तर लगेच पुढचा गडी वाचायचा, त्यालाही कुणी अडवलेलं नसतं. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर बाजूने पळणाऱ्या ए-बॅककडे चेंडू फेकायचा, म्हणजे पिच करायची, आणि तो ए-बॅककडे गेला तर स्वतः मधून घुसायचं. हे सगळं दीड-दोन सेकंदांत.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. डाव प्रशिक्षक सांगतो, चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात असतो, पण तो कुठे जायचा हे समोरचा गडी आपल्या पावलांनी ठरवतो. क्वार्टरबॅकने ते खरेपणाने वाचायचं असतं. या खेळात मला सगळ्यात जास्त आदर कशाचा वाटत असेल तर तो या शिस्तीचा. वेगवान पोराला स्वतः पळायची ओढ असतेच. मागच्या वेळी फुलबॅक २ यार्डांत पडला तर 'या वेळी मीच नेतो' असं मनात ठरवून तो स्नॅप घेतो. ठरवून घेतलेला रीड हा रीडच नव्हे. बाहेरून ते चुकलेल्या ब्लॉकसारखं दिसतं आणि शिव्या लाइनमनला बसतात. म्हणूनच बरेच प्रशिक्षक शिकवतात की शंका आली तर फुलबॅकला देऊन टाक. फुलबॅकचे ३ यार्ड पदरात पडतात, अर्धवट मनाने काढून घेतलेला चेंडू जमिनीवर पडतो.

ही कल्पना बास्केटबॉलमधून आली. मिझुरी विद्यापीठाचे डॉन फॉरोट स्वतः बास्केटबॉल खेळलेले. बास्केटबॉलमध्ये दोन आक्रमक एका बचावपटूवर चालून गेले की तो ज्याच्याकडे जाईल त्याच्या साथीदाराला चेंडू द्यायचा, हे त्यांनी १९४१ मध्ये स्प्लिट-टी रचनेत फुटबॉलच्या मैदानावर आणलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या प्रशिक्षणकेंद्रात बड विल्किन्सन त्यांच्या हाताखाली होते. पुढे विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमाने १९५३ ते १९५७ सलग ४७ सामने जिंकले. ह्यूस्टनला बिल योमन यांनी १९६० च्या दशकात वीअर हा ऑप्शनचा प्रकार आणला, ज्यात चेंडूच्या जवळचाच लाइनमन न अडवता सोडला जायला लागला.

मग टेक्सास, १९६८. मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल, आणि विशबोन रचना बसवणारे त्यांचे सहायक एमरी बेलार्ड. पहिला सामना योमन यांच्या ह्यूस्टनशीच, २०-२० बरोबरीत सुटला. दुसऱ्यात टेक्सास टेककडून ३१-२२ असा पराभव. रॉयल यांनी डाव सोडला नाही, क्वार्टरबॅक बदलला. जेम्स स्ट्रीट आला. आणि फुलबॅकला थोडं मागे सरकवलं, कारण तो इतका जवळ होता की क्वार्टरबॅकला वाचायला वेळच मिळत नव्हता. त्यानंतर सलग ३० विजय. आक्रमणाची अख्खी रचना एका पोराच्या नजरेला एक क्षण जास्त मिळावा म्हणून हलते, हे मला या गोष्टीत फार आवडतं.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. १९७१ च्या ओक्लाहोमाने विशबोन खेळून दर सामन्याला सरासरी ४७२ यार्ड नुसते पळून काढले. टॉम ऑसबोर्न यांच्या ऑप्शन खेळणाऱ्या नेब्रास्काने १९९४ आणि १९९५ असे लागोपाठ दोन राष्ट्रीय किताब जिंकले. २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलमध्ये (बोल म्हणजे मोसम संपल्यावरचा मोठा सामना) त्यांनी फ्लोरिडाला ६२-२४ ने हरवलं. त्यात त्यांचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर ७५ यार्ड धावला ती धाव शोधून बघा, किती जण अंगाला लोंबकळतात आणि सुटून पडतात ते मोजा. या संघांना दुबळं म्हणता येणार नाही.

पण मित्राचं म्हणणं कुठून येतं तेही खरं आहे. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या लष्करी अकादम्या ऑप्शन खेळत आल्या. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या पोराला पदवीनंतर सैन्यात सेवा द्यायची असते, शारीरिक निकष पाळायचे असतात, त्यामुळे १५० किलोचे लाइनमन त्यांना मिळत नाहीत. समोरच्या राक्षसी गड्याला तुम्ही ढकलू शकत नसाल तर त्याला सोडून देऊन वाचणं हाच शहाणपणा. नेव्हीने २००७ मध्ये नोट्र डेमला जादा वेळेच्या तीन फेऱ्यांनंतर ४६-४४ ने हरवलं, तेव्हा त्यांच्याविरुद्धची सलग ४३ पराभवांची मालिका संपली. २०१८ मध्ये आर्मी ओक्लाहोमाला त्यांच्या घरी भिडली. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकणारा क्वार्टरबॅक काइलर मरी समोर होता, पण ६० मिनिटांपैकी जवळजवळ ४५ मिनिटं चेंडू आर्मीकडे होता. मरी बाकावर बसून राहिला. आर्मी हरली, पण जादा वेळेत, २८-२१.

म्हणजे हा डाव नुसता धावेपुरता उरत नाही. चार प्रयत्नांत १० यार्ड काढायचे असतात. त्यात पहिल्या प्रयत्नात ४, दुसऱ्यात ३ असं चालणाऱ्या संघाला एखादी १० यार्डांची पेनल्टी परवडत नाही, कारण लांबचं अंतर कापायला त्यांचा हात पासवर बसलेला नसतो. त्याच कारणाने जॉन्सन चौथ्या प्रयत्नात २ यार्ड हवे असले तर पंट न करता, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना न देता, खेळायचे, आणि आमचं स्टेडियम ते गृहीत धरायचं. पास कमी, पण पडला तर मोठा. सगळे धावेवर डोळे लावून पुढे सरकलेले असतात, आणि बाहेर रिसीव्हरवर बचावाचा एकटा कॉर्नरबॅक. २००९ च्या मोसमात आमचा रिसीव्हर डिमेरियस थॉमसने फक्त ४६ झेलांत १,१५४ यार्ड काढले, म्हणजे झेलामागे २५ च्या वर. क्वार्टरबॅक जॉश नेस्बिट मागून पळत असल्याशिवाय ते आकडे शक्य नव्हते.

उणी बाजूही सांगायला हवी. ऑप्शनला तोडगा एकच: प्रत्येकाने आपला माणूस धरायचा. एकाने फुलबॅक, एकाने क्वार्टरबॅक, एकाने पिच, आणि चेंडू कुठेही असला तरी मोहात पडायचं नाही. नेहमीच्या आठवड्यात सरावाला तीन-चार दिवस मिळतात, तेवढ्यात ही सवय लागत नाही. बोलच्या आधी मिळतो तसा महिना मिळाला की लागते. २००८ च्या अखेरीस बोल सामन्यात एलएसयूने आम्हाला ३८-३ असं धुतलं, त्याच्या पुढच्या मोसमात ऑरेंज बोलमध्ये आयोवाने २४-१४. मागे पडल्यावर या आक्रमणाला झटपट गुण काढता येत नाहीत, हे ते दोन सामने बघताना जाणवत होतं. म्हणून २०१४ च्या मोसमातला ऑरेंज बोल माझ्या मनात घर करून आहे. तयारीला वेळ मिळालेल्या मिसिसिपी स्टेटविरुद्ध जस्टिन थॉमस क्वार्टरबॅक असलेला आमचा संघ ४९-३४ ने जिंकला.

तुमच्या मुलीचा संघ फ्लेक्सबोन खेळत असण्याची शक्यता कमीच. पण ऑप्शन तो नक्की खेळतो. रिच रॉड्रिगेझ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात प्रशिक्षक होते. सरावात क्वार्टरबॅकचा हँडऑफ, म्हणजे धावपटूच्या हातात चेंडू देणं, फसला. डिफेन्सिव्ह एंड धावपटूच्या मागे आत घुसलेला बघून तो चेंडू घेऊन तिकडच्या मोकळ्या जागेतून निघाला. तिकडे का पळालास असं विचारल्यावर त्याने सांगितलं, एंड आत आला म्हणून. यातून झोन रीड तयार झाला. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून काही पावलं मागे, शेजारी धावपटू, आणि डाव जिकडे जातोय त्याच्या उलट्या टोकाचा एंड न अडवता सोडलेला. ४ जानेवारी २००६ च्या रोज बोलमध्ये टेक्सासचा क्वार्टरबॅक विन्स यंगने यूएससीविरुद्ध २०० यार्ड धावून ४१-३८ असा सामना काढला, त्या टेक्सासच्या धावेचा कणा झोन रीड हाच होता.

बचावानेही उत्तर शोधलं. एंडने मुद्दाम आत घुसायचं म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू काढून घेईल, आणि लाइनबॅकरने मागून वळसा घालून त्याच जागी त्याची वाट बघायची. रीड बरोबर असूनही क्वार्टरबॅक फसतो. मग आक्रमणवाल्यांनी लाइनबॅकरलाच वाचायला घेतलं. तो धावेवर धावला तर त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत छोटा पास, थांबला तर हँडऑफ. याला आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन, म्हणतात. कॉलेजच्या नियमात पासच्या डावावर लाइनमनला ३ यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १ यार्डाचीच, त्यामुळे कॉलेजमध्ये धाव आणि पास यांतली फसवणूक जास्त टिकते. मैदानाचाही फरक आहे. कॉलेजचे हॅश, म्हणजे ज्या दोन खुणांच्या दरम्यान चेंडू ठेवून डाव सुरू होतो त्या, एकमेकांपासून ४० फूट, एनएफएलचे साडेअठरा. चेंडू एका हॅशवर असला की कॉलेजमध्ये दुसरी बाजू खूप रुंद उरते, आणि पिचला जागा मिळते. एनएफएलमध्ये जुना ट्रिपल ऑप्शन न रुजण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे क्वार्टरबॅकला प्रत्येक डावात मार खावा लागतो, आणि तिथे त्याच्यावरच सगळ्यात जास्त पैसा लागलेला असतो.

२०२२ पासून कमरेखालच्या ब्लॉकवर नियम कडक झाले आणि बाहेर जाऊन असे ब्लॉक करणाऱ्या ए-बॅकचं काम अवघड झालं. आर्मीने २०२३ मध्ये शॉटगनकडे वळून पाहिलं, मग परत आपल्या वळणावर आली आणि २०२४ मध्ये १२ सामने जिंकली. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने त्या मोसमात धावून ३२ टचडाउन केले.

येत्या शनिवारी एवढं करून बघा. स्नॅप झाल्यावर चेंडूमागे जाऊ नका, लाइनच्या टोकाला बघा. ज्या एंडला कुणी हात लावला नाही त्याच्या खांद्यावर नजर ठेवा. खांदा आत वळला की तुम्ही आणि मुलगी दोघांनी मोठ्याने 'कीप' म्हणा, सरळ राहिला तर 'गिव्ह'. पाच-सहा डावांत क्वार्टरबॅकच्या बरोबरीने सांगता यायला लागेल, आणि तो चुकला तर तेही समालोचकाच्या आधी कळेल. आरपीओ कसा वाचायचा ते पुढच्या वेळी सांगतो, तो टीव्हीवर दिसणं जरा कठीण असतं कारण लाइनबॅकर कॅमेऱ्याच्या चौकटीच्या कडेला असतो.