प्रोजेक्ट कॉपी केला, सरांनी पकडलं, आता माझं करिअर संपलं का?

नांदेडहून बारावी सायन्सच्या एका मुलीचा मेसेज आलाय, थोडक्यात असा: पर्यावरणाचा प्रोजेक्ट सबमिट करायला दोनच दिवस उरले होते, मैत्रिणीकडून पंचगंगेच्या प्रदूषणावरची एक पीडीएफ मिळाली, त्यात सगळीकडे पंचगंगा काढून गोदावरी टाकलं आणि वहीत उतरवून दिलं. सरांनी एका वाक्याला लाल पेनाने गोल केला, ‘गोदावरी नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते’, आणि खाली लिहिलं, भेटायला ये. ती विचारते, मॅडम मला पुढे रिसर्चमध्ये जायचंय, हे रेकॉर्डवर राहणार का, कॉलेज बदलू का, आणि नवीन प्रोजेक्ट एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?

अगं, आधी शांत हो. करिअर वगैरे काही संपलेलं नाही आणि कॉलेज तर अजिबात बदलू नकोस. सरांनी मार्क कापून विषय संपवला नाही, भेटायला बोलावलंय, म्हणजे त्यांना तुझ्याशी बोलायचंय. उद्याच जा, मैत्रिणीचं नाव घेऊ नको, वेळ नव्हता हेही सांगत बसू नको, सरळ सांग की सर मी पीडीएफ उतरवली, चुकलं माझं, मला परत करायचाय, किती दिवस द्याल. सर रागावतील कदाचित, ऐकून घे.

मी हे बाहेर उभी राहून सांगत नाहीये. बारावीला मी फिजिक्सचं जर्नल मैत्रिणीचं बघून लिहिलं होतं, रीडिंगसकट. प्रॅक्टिकलच्या व्हायव्हाला एक्स्टर्नलनी सिंपल पेंड्युलमचं पान उघडलं आणि विचारलं, दोऱ्याची लांबी किती घेतली होतीस? एवढंच. मला येईना, कारण मी तो दोरा हातातच घेतला नव्हता. ते काही बोलले नाहीत, पान उलटलं फक्त, पण आज इतक्या वर्षांनी पण ते पान उलटणं मला आठवतं.

आता रिसर्चचं बोलते कारण तुला तिकडे जायचंय. २०१८ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्लेजिअरिझमबद्दल, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देण्याबद्दल, नियम काढले, थीसिस सॉफ्टवेअरमधून जातो आणि किती मजकूर दुसरीकडच्याशी जुळतो ते बघतात. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर दुरुस्त थीसिससुद्धा देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. तुझ्या बारावीच्या वहीला हे लागू नाही, घाबरू नको, पण सवय मात्र बारावीतच लागते, चांगली पण आणि वाईट पण. आणि १० टक्के म्हणजे तेवढी कॉपी चालते असं मुलं धरून चालतात, तसं नाहीये ते. दुसऱ्याचं एकच वाक्य असलं तरी अवतरणचिन्हात टाकायचं आणि कुणाचं ते लिहायचं.

शब्द बदलले की आपलं झालं हा दुसरा गैरसमज, आणि खरं सांगायचं तर हा आम्हा मोठ्यांनीच करून दिलाय, ‘स्वतःच्या शब्दात लिहा’ म्हणतो पण कसं ते कुणी दाखवत नाही. ‘सांडपाणी’ च्या जागी ‘घाण पाणी’ आणि ‘ऑक्सिजन’ च्या जागी ‘प्राणवायू’ केलंस तरी वाक्य त्याचंच राहतं, नुसते कपडे बदलले. त्यापेक्षा परिच्छेद वाच, पुस्तक मिट, आणि आई भाजी निवडत असेल तिथे बसून तिला सांग की नाल्याचं पाणी आलं की मासे का मरतात. तू म्हणशील, घाण खाणारे जिवाणू वाढतात, तेच पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, माशांना उरत नाही. हे जे तोंडातून आलं ना, तेच लिही, आणि माहिती कुठून घेतली ते खाली टाक. नोट्स काढतानाच बाजूला पुस्तकाचं नाव, पान नंबर, वेबसाइट असेल तर कुठल्या तारखेला बघितली ते लिहून ठेव, शेवटच्या रात्री शोधायला गेलीस तर सापडत नाही.

एआयचं म्हणशील तर सरांना विचारल्याशिवाय नको. अवघड शब्द समजून घ्यायला वापर, पण त्याने दिलेले आकडे आणि पुस्तकांची नावं स्वतः तपासल्याशिवाय घेऊ नको, नसलेली पुस्तकं पण तो छातीठोकपणे सांगतो. आणि काही वापरलंस तर वहीत तसं लिही, त्यात लाज नाही. पूर्ण प्रोजेक्ट लिहून घेणं म्हणजे मात्र पुन्हा पीडीएफच, फक्त यावेळी नृसिंहवाडी सापडणार नाही एवढंच.

आणि तुला कशाला लागतं गं दुसऱ्याचं? नदी तुझ्या गावात आहे! रविवारी सकाळी गोवर्धन घाटावर तासभर बस, वही घेऊन. निर्माल्य कुठे टाकतात, नाला कुठे येऊन मिळतो, पाण्याचा रंग तिथे बदलतो का, कपडे कोण धुतंय, मासे धरणारा कुणी भेटला तर पूर्वी कुठले मासे मिळायचे ते विचार. जे दिसलं तेच लिही, वेळ आणि तारीख टाकून, दहाच ओळी झाल्या तरी चालतील. पाण्याच्या तपासणीचे आकडे लागले तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर मिळतात, ते घे आणि मंडळाचं नाव लिही.

घाटावर एकटी जाऊ नको, त्या मैत्रिणीलाच घेऊन जा, आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, जपून. प्रोजेक्ट झाला की मला पाठव, मी वाचेन.