आजीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी: कापायच्या आधी हे बघा

सहस्रचंद्रदर्शनाला दोन महिने आहेत, कपाटात आजींची दोन जुनी सुती नऊवारी लुगडी आहेत, आणि नवी पैठणी घ्यावी की त्या लुगड्यांची गोधडी करावी, असा तुमचा प्रश्न आहे. गोधडी करा. पैठणी समारंभापुरती अंगावर राहील, मग मलमलीत गुंडाळून कपाटात जाईल. गोधडी रोज रात्री लागते.

मात्र सरप्राइजच्या नादात आजींना न विचारता लुगड्याला कात्री लावू नका. त्यातलं एखादं त्यांनी मुद्दाम जपून ठेवलेलं असू शकतं. विचारलंत तर वर कुठलं आणि खाली कुठलं, हेही त्याच सांगतील. नको म्हणाल्या तर आजोबांची जुनी धोतरं आतल्या थरांना उत्तम, आणि वर-खाली नवं सुती कापड. ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवूनच घ्या. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आता आटत नाही, मग सगळ्या गोधडीला चुण्या पडतात.

आता हिशेब. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात, म्हणजे दोन लुगड्यांचे आठ. गोधडीला पाच पुरेत: वर एक, खाली एक, आत तीन. उरलेले तीन फेकू नका, पुढे ठिगळांना लागतील. आठही थर घालायचा मोह होतो, पण ती गोधडी म्हाताऱ्या माणसाला रात्री कुशीवर वळताना सावरत नाही आणि धुतल्यावर उचलतही नाही. रुंदीला जोड देऊन मोठी करायचंही कारण नाही. तीन फुटी खाटेवर ही दोन्ही बाजूंनी जेमतेम अर्धा फूट लोंबते, तेवढीच ठीक. जास्त लोंबली तर उठताना पायात येते.

कापण्याआधी प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरा. रोज नेसलेलं लुगडं बसण्याच्या जागी विरतं, पदर बहुधा शाबूत असतो. विरलेला भाग आत, पदराचा तुकडा वर. ओलं पांढरं फडकं गडद काठावर घासून बघा. रंग लागला तर तो काठ वापरू नका, पहिल्याच धुण्यात सगळीकडे उतरेल.

काठांची एक गोष्ट पुष्कळदा चुकते. वरच्या आणि खालच्या तुकड्याचे लांब काठ तसेच ठेवा. ती किनार उसवत नाही, त्यामुळे दुमड लागत नाही आणि कड आपोआप भक्कम होते. आतल्या तिन्ही थरांचे काठ मात्र कापून टाका. पाच काठ एकावर एक आले की सुई जात नाही, आणि जोर लावला की मोडते. आखूड बाजूंना फक्त गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली कापडाची पट्टी, लावायचा. जरीचा काठ असेल तर तो वरही नको, गालाला टोचतो.

सगळे थर फरशीवर अंथरून मधून बाहेर हातानं सपाट करा आणि वीतभर अंतरावर कच्चा दोरा, म्हणजे मोठे तात्पुरते टाके, घाला. हे टाळलं की आतला थर सरकतो आणि मधे गोळा होतो. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत यायचं. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, दोन ओळींत एक इंच. लांब टाके भराभर होतात, पण त्यांत बांगड्या आणि पायाची बोटं अडकतात. दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा दोरा तुटत नाही, जुनं कापड कापतो. या मापाला टाक्यांच्या सगळ्या ओळींची लांबी ९५ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे दुहेरी दोरा अडीचशे मीटर तरी हवा.

रोज दोन तास दिलेत तर तीन-चार आठवडे लागतील. बाहेर शिवायला देणार असाल तर थर किती, ओळींत अंतर किती, आणि टाका हातचा की मशीनचा, हे आधी ठरवून मगच भाव बोला. मशीनची गोधडी लवकर मिळते, पण ताठ होते. जुन्या लुगड्याचा मऊपणा घालवायचा तर पैठणीच काय वाईट?

आजींना द्यायच्या आधी एकदा धुऊन घ्या, म्हणजे रंग, चुण्या, सुटलेला टाका, काय ते तुमच्याच हातात कळेल. ओली गोधडी एका दोरीवर टाकू नका, भारानं टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर पसरून किंवा खाटेवर घालून वाळवा.