लेथचा घरगुती डुप्लिकेटर: रेल राहू द्या, आधी टोकं जुळवा

जिन्याच्या कठड्याचे २२ सागवानी खांब एकसारखे काढायचेत, लांबी ७५० मिमी, आणि त्यासाठी लाकडाच्या लेथवर डुप्लिकेटर (नमुन्याबरहुकूम तोच आकार कापणारा जुगाड) करताना लिनिअर रेल (सरळ रूळ) मागवून त्यावर कॅरेज, म्हणजे कटर धरून सरकणारा गाडा, बसवायचा विचार आहे, बरोबर ना? माझं ऐका, रेलचे पैसे वाचवा. पाच-सहाच खांब असते तर मी म्हटलं असतं हातानंच काढा, कॅलिपर लावून लावून होतात, पण २२ म्हणजे डुप्लिकेटर करण्यात अर्थ आहे.

रेल का नको, तर कटरचं टोक आणि टेम्प्लेटवर (आकार कापलेल्या नमुना-फळीच्या कडेवर) फिरणारा स्टायलस, म्हणजे कड चाचपणारं टोक, हे दोन्ही गोल, एकाच मापाचे आणि एकाच ओळंब्यात, म्हणजे बरोब्बर एकाखाली एक असले की ते दोन्ही जिच्यावर बसवलेत ती, टेबलावर हातानं सरकवायची पाटी थोडी वाकडीतिकडी फिरली तरी काही फरक पडत नाही. स्टायलस कटरपासून बाजूला ठेवला की मात्र पाटी जराही वळता कामा नये आणि तिथून रेल, बेअरिंग सगळा खर्च सुरू होतो. मी १२ मिमीचं गोल कार्बाइड इन्सर्ट (कठीण धातूचं बदलता येणारं पातं) वापरतो आणि स्टायलस म्हणून बरोबर १२ मिमीची स्टीलची चकती. टेम्प्लेट कामाच्या वर, मागून दोन मजबूत अँगलवर आडवं बसवायचं. खालीही बसवता येतं, पण तिथं भुसा साचतो, आणि चकती नि टेम्प्लेटमध्ये भुसा अडकला की खांब तेवढा जाड राहतो.

लेथच्या बेडवर (खालच्या आडव्या सांगाड्यावर) बोल्टनं घट्ट धरलेलं १८ मिमी प्लायचं टेबल, वरून सनमायका, त्यावर मेण. टेबल कामाच्या जितकं जवळ येईल तितकं आणा, कारण कापताना जोर खाली पडतो, कटर टेबलाच्या बाहेर लोंबकळत असेल तर पाटीची मागची बाजू उचलते. पाटी मागं लांब ठेवा, दोन मुठी लावा, मागं एखादं वजन ठेवलं तरी छान.

आता कटरची उंची, इथं कंटाळा करू नका. टोक लेथच्या सेंटरच्या, म्हणजे लाकूड ज्या अक्षावर फिरतं त्याच्या, बरोबर उंचीवर पाहिजे. २ मिमी खाली असेल तर ४४ मिमीच्या जाड भागाला जेमतेम ०.२ मिमीचा फरक पडतो, पण टोकाची १२ मिमीची खुंटी १२.६ मिमी होते आणि मग भोकात जात नाही. टेबल एका टोकाला खाली झुकलं असेल तर हीच गंमत लांबीभर बदलत जाते.

जुना खांबच टेम्प्लेट म्हणून बांधू का, असं विचारलंय. नको. त्यावर रंगाचे थर आहेत, कडा झिजल्यात, ते सगळं जसंच्या तसं २२ वेळा उतरेल. (थॉमस ब्लँचर्डनं अमेरिकेत १८१९ साली नमुन्यावरून कापणाऱ्या लेथचं पेटंट घेतलं, पण ते बंदुकीच्या दस्त्यासाठी होतं, दस्ता गोल नसतो म्हणून तिथं नमुना आणि काम दोन्ही फिरवावं लागतं. आपला खांब गोलच आहे.) जुन्याची मापं घेऊन अर्धा आकार आलेखाच्या कागदावर काढा, ६ मिमी एमडीएफवर चिकटवा, जिगसॉनं कापा आणि कानशीनं घासत बसा. कडेला फेविक्विक पाजलं की ती कडक होते. टेम्प्लेट बसवल्यावर आधी त्याच्या जागी सरळ पट्टी लावून एक साधा दंड काढा आणि दोन्ही टोकांना कॅलिपर लावा, व्यासात जो फरक येईल त्याच्या निम्मं टेम्प्लेटचं एक टोक सरकवा.

एक युक्ती सांगतो, १६ मिमीची दुसरी चकती करून ठेवा. ती लावून आधी सगळा खांब रफ काढायचा, सगळीकडं २ मिमी माल शिल्लक राहतो, मग १२ ची लावून एक हलका हात. सुरुवातीला तुकडा गोल करायला रफिंग गाउजच (पन्हळीसारखी जाड पटाशी) वापरा, चौकोनी लाकडात हे इन्सर्ट घुसवू नका, फार धक्के बसतात.

७५० लांबीला मध्ये लाकूड थरथरणारच. स्केटिंगच्या तीन चाकांचा स्टेडी रेस्ट, म्हणजे फिरत्या लाकडाला मध्ये आधार, करा, सपाट दंडाच्या भागावर टेकवा, टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक दाबून धरणारा भाग) जास्त आवळू नका (आवळलं की बारीक लाकूड उलट वाकतं) आणि सगळ्यात बारीक गळे शेवटी काढा. स्पीड हजाराच्या आसपास पुरे, थरथर आली तर आणखी कमी.

आणि ६ मिमीपेक्षा कमी गोलाईच्या खाचा हे इन्सर्ट काढणारच नाही, धारदार व्ही खाचा तर सोडाच, त्या स्क्यूनं (तिरक्या धारेच्या पटाशीनं) हातानं माराव्या लागतील. टेम्प्लेटवर त्या जागी फक्त पेन्सिलची खूण करून ठेवा. फिनिशही स्क्रेपरसारखंच येतं, त्यामुळं पॉलिश पेपर १२० पासून लागेल. पेपर मारताना पाटी टेबलावरून उचलून बाजूला ठेवायची, बोट मध्ये अडकायला जागाच ठेवू नका. सागाचा भुसा नाकाला झोंबतो, मास्क लावाच.

तुमच्या लेथचा बेड एका पाइपचा आहे की दोन पट्ट्यांचा ते सांगा, टेबल कसं धरायचं ते त्यावर ठरेल.