बेरा करताय? आधी बाळाची झोप सांभाळा

बेरा म्हणजे झोपलेल्या बाळाच्या कानात आवाज सोडून श्रवणनस आणि मेंदूकडून येणाऱ्या विद्युत लाटा टिपणारी तपासणी. यंत्राची बटणं आठवड्याभरात हाताखाली येतील. अर्धी बेरा झोपेवर असते. आईला आदल्या दिवशीच सांग, बाळाला रिक्षात झोपू देऊ नका, दूध इथे येऊन पाजा. कपाळ आणि कानामागची कातडी पाजण्याआधीच घासून इलेक्ट्रोड लाव. इम्पिडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली, सगळ्यांचा जवळपास सारखा. झोपलेल्या बाळाला घासायला गेलं की खेळ संपला.

८० डेसिबलपासून पायरी-पायरीने उतरत बसू नकोस, तोवर बाळ जागं होईल. मधल्या पातळीपासून सुरू कर आणि पाचवी लाट शोध, प्रतिसादातली सगळ्यात ठळक. आवाज कमी होतो तशी ती उशिरा येते, बुटकी होते. उंबरठ्याजवळ (लाट दिसते ती सगळ्यात कमी पातळी) प्रत्येक पातळी दोनदा रेकॉर्ड कर. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तरच ती लाट. डोळ्यांना हवा तिथे डोंगर दिसतो. (मीही एकदा खरखरीलाच लाट म्हणून खूण केली होती, वरिष्ठांनी कागद परत फेकला.) आणि ‘लाट नाही’ लिहायचं तर रेघ सपाट हवी. गोंगाटात लाट दिसली नाही, तर निष्कर्षच काढू नकोस.

क्लिकवर, म्हणजे ‘टिक्’ अशा क्षणिक आवाजावर, थांबू नकोस. तो मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचंच सांगतो. ५०० हर्ट्झचा टोन बर्स्टही (एका फ्रिक्वेन्सीचा छोटा आवाज) लाव. यंत्रावरचा आकडा तसाच ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या आलेखावर) चढवू नकोस, आधी फ्रिक्वेन्सीनुसार दुरुस्ती वजा कर.

मोठ्या आवाजालाही लाट नसेल तर क्लिकची पोलॅरिटी (आवाजाच्या दाबाची दिशा) उलटव. सुरुवातीच्या लहरी उलट्या झाल्या, तर आवाजाची नळी चिमटून पुन्हा बघ. तेव्हा त्या गेल्या, म्हणजे त्या कॉक्लिआच्या (आतल्या कानातल्या शंखाच्या) आहेत आणि दोष श्रवणनसेकडे असू शकतो. अशा बाळाचा उंबरठा बेरावरून लिहायचा नाही.